मनमायेकडची तीज

फोन आला तेव्हा भामाबाई मागच्या पडवीत भाकरी थापत होती. रविवार होता. राजगडावरून उतरलेली बारा-तेरा पोरं पुढच्या ओट्यावर जेवायला बसली होती. जेवणाच्या बोर्डावर नंबर होता तो सुनेचा, स्वप्नालीचा, त्यामुळं फोन तिनंच उचलला. "किती माणसं? व्हेज का नॉनव्हेज?" असं तिनं नेहमीसारखं विचारलं आणि मग ती नुसतीच ऐकत राहिली. शेवटी फोन घेऊन आत आली.

"आई, तुमच्यासाठी आहे. कुणी शेफाली म्हणून आहे. नेपाळातनं बोलतेय."

भामाबाईनं पिठाचा हात पदराला पुसला. पलीकडचा आवाज बाईमाणसाचा होता, पण बोलणं लहान पोरीचं होतं.

"आये, म्या शेफी. वळाकलं का?"

तव्यावरची भाकरी करपली तरी भामाबाईनं ती उलटली नाही. "वळाकलं," एवढंच ती म्हणाली.

कुणा ट्रेकवाल्या मुलानं गडाचा व्हिडिओ टाकला होता. त्यात गुंजवण्यातला हा ओटा, बोर्ड आणि बोर्डावरचा नंबर आला होता. शेफालीनं तो नेपाळात पाल्पा नावाच्या डोंगराळ जिल्ह्यात बसून पाहिला आणि ओटा ओळखला. तिचं लग्न झालं होतं, ती एका पतपेढीत नोकरीला होती. भाद्रपदात तिकडं तीज असते. लग्न झालेल्या मुली त्या सणाला माहेरी जातात, लाल साड्या नेसतात, दिवसभर उपास करतात. आपल्याकडं त्याच दिवशी हरतालिका असते. "ह्या तिजेला तू ये," शेफाली म्हणाली. "म्या आमाकडं जानार हाय. तू बी ये."

आमा म्हणजे तिची आई, मनमाया.

"तुझ्या आमाला इचारलंस का?"

"न्हाई अजून."

"आदी इचार. ती नगं म्हनली तर म्या येत न्हाई."

ही शेफाली कोण, हे स्वप्नालीला ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

धरणाचं काम चालू असताना बाहेरगावची माणसं मुकादमाबरोबर आली होती. त्यांत मनमाया आणि तिचा नवरा होता. नवरा खडी फोडायच्या मशिनीवर, मनमाया दगड वाहायला. त्यांची पत्र्याची खोली भामाबाईच्या खाचराच्या बांधाला लागून होती. भामाबाईही रोजावर जायची, आणि वरच्या धनगरवस्तीवरची ठकुबाईसुद्धा. तिघी एकाच टोळीत होत्या. भामाबाईचं माहेर म्हणजे एक वाडी, ती ह्याच धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. लोक तिला त्यावरून बोलायचे. ती म्हणायची, "म्या दगड टाकला न्हाई तर दुसरं कुनी टाकल. रोज तरी माजा माज्याकडं राहू दे."

मनमायेला मराठी आली, पण बायकांचं बोलणं आणि पुरुषांचं बोलणं यांतला फरक तिला कधी कळला नाही. "मी येतो", "तू गेला" असंच ती बोलायची. शेफालीचा जन्म भामाबाईच्याच घरात झाला. नाव अंगणवाडीच्या बाईंनी ठेवलं.

पोर सहा वर्षांची झाली तेव्हा मनमायेच्या नवऱ्याच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. त्याला गावी न्यायचं ठरलं. आजारी माणूस, दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास, त्यात लहान पोर कुठं सांभाळायची? मनमायेनं शेफालीला भामाबाईच्या हवाली केलं आणि सांगितलं, "चार महिन्यात येतो."

ती चौदा महिन्यांनी आली. मधल्या काळात फोन नाही, पत्र नाही. भामाबाईला दोन मुलगे, मुलगी नव्हती. तिनं पोरीच्या वेण्या घातल्या, तिला नागपंचमीला बांगड्या भरल्या. जूनमध्ये शाळेत नाव घालायला गेली तेव्हा गुरुजींनी आईचं नाव विचारलं. भामाबाईनं आपलं नाव सांगितलं. बापाच्या जागी तिच्या नवऱ्यानं, सावळारामानं, सही केली. कुणाला फसवायचं असं तेव्हा तिच्या मनात नव्हतं. नाव सांगताना तिला ते खरंच वाटलं होतं, इतकंच.

मार्गशीर्षात एका दुपारी तिला रस्त्यानं मनमाया येताना दिसली. गळ्यात पोत नाही, हातात बांगड्या नाहीत. नवरा गेला हे लांबूनच कळत होतं. भामाबाईनं तेवढ्यात थोरल्या मुलाबरोबर, धनाजीबरोबर, पोरीला मागच्या वाटेनं ठकुबाईच्या वस्तीवर पाठवून दिलं. आणि दारात आलेल्या मनमायेला सांगितलं, "शेफी शिवऱ्याला गेली, माज्या बहिनीकडं. आट-पंदरा दिसांनी येईल."

"मी बसतो," मनमाया म्हणाली.

ती ओट्यावर बसली. दिलं ते खाल्लं, तिथंच झोपली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी सकाळी शेरडं घेऊन ठकुबाई खाली उतरली, आणि तिच्या हाताला शेफाली होती.

"भामे, पोर आईला इचारती," ठकुबाई म्हणाली. "म्या कुटवर खोटं बोलू?"

पोरगी मात्र धावली ती भामाबाईकडं, आणि तिच्या लुगड्याला चिकटली. मनमायेनं तिची बोटं एकेक करून सोडवली. सावळारामानं शाळेतनं दाखला आणून दिला. मनमायेला वाचता येत नव्हतं. तिनं तो घडी करून पोलक्यात ठेवला आणि दुपारच्या एसटीनं ती पोरीला घेऊन गेली.

त्यानंतर भामाबाई ठकुबाईशी दीड वर्ष बोलली नाही. मग एकदा ठकुबाईच्या शेरडांनी तिचा वाल खाल्ला. भांडायला तरी बोलावं लागलंच, आणि भांडण संपल्यावर दोघी बोलत राहिल्या. मनमायेचा विषय मात्र कधी निघाला नाही. ती पोरीला घेऊन गेली त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

त्या रविवारच्या फोननंतर पाचव्या दिवशी शेफालीचा पुन्हा फोन आला.

"आमा म्हनली, येऊ दे. पर ठकूला संगं आन म्हनली. ठकू न्हाई आली तर नगं."

सावळारामाला ते पटलं नाही. "गनपतीत घर सोडून कोन जातं? गौरी कोन बसवंल? आन् ती बाई कोन लागती आपली?"

"ती कोन लागती ते तुमाला बी म्हाईत हाय," भामाबाई म्हणाली.

सावळाराम उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. संध्याकाळी स्वप्नालीच सासऱ्याला म्हणाली, "गौरी मी बसवते, दादा. सहा वर्षं बघतेय आईंचं. जाऊ द्या त्यांना एकदा." तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं धनाजीला तिकिटं काढायला भोरला पाठवलं.

धनाजीनं येताना बातमी आणली की सरहद्दीवर आधार चालत नाही, मतदानाचं कार्ड लागतं. भामाबाईचं पेटीत होतं. ठकुबाईचं दोन दिवस सापडलं नाही. शेवटी ते देव्हाऱ्याच्या फळीमागं प्लास्टिकच्या पिशवीत निघालं. त्यावरचा फोटो बघून ठकुबाई म्हणाली, "ही कोन? माजी सासू दिसती." ठकुबाई जेजुरीच्या पलीकडं कधी गेली नव्हती. "नेपाळ म्हंजी इमानानं का?" तिनं विचारलं. रेल्वेनं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. शेरडं तिनं दिराकडं सोपवली. दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिनं एका फडक्यात बांधली.

पुण्याहून गोरखपूरला गाडीनं दीड दिवस लागला. डब्यात सगळे त्यांच्याशी हिंदीत बोलायचे आणि ठकुबाई सगळ्यांना मराठीत उत्तरं द्यायची. तिचं अडलं नाही. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, तीर्थाला चाललात का? भामाबाई म्हणाली, नाही. मग कुणाकडं? भामाबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागली. "मैतरनीकडं," ठकुबाई म्हणाली.

रात्रभरात भामाबाईला नीट झोप लागली नाही. पहाटे ठकुबाईला जाग आली तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"ठके, तिनं तुला का बोलावलं असंल?"

"मला काय म्हाईत."

"मला म्हाईत हाय. तू खरं बोल्लीस म्हनून."

"भामे, आता तितं जाऊन रडारड करू नगंस," ठकुबाई म्हणाली. "चूळ भर, च्या आला."

गोरखपूरहून बसनं सोनौली. तिथं सरहद्द चालत ओलांडायची. शिपायानं कार्डं उलटसुलट करून पाहिली, परत दिली, आणि त्या एका कमानीखालून पलीकडं गेल्या. पलीकडंही तशीच दुकानं, तसाच चिखल, तशाच रिक्षा. ठकुबाई जरा नाराज झाली.

"ह्यो परदेस? मंग आपलं नसरापूर काय वाईट हाय?"

पुढं जीप होती. शेफाली बुटवल नावाच्या गावात न्यायला येणार होती. जीप थांबली तिथं गर्दीत एक बाई हात हलवत उभी होती. भामाबाई ज्या पोरीला शोधत होती ती कुठंच नव्हती, होती ती ही उंच, चष्मा लावलेली बाई. ती वाकून पाया पडली. भामाबाईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "चष्मा कदी लागला?"

घाटात पाऊस होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली गढूळ नदी. रस्त्यावर जागोजागी माती आली होती. "आपल्या वरंध्यावानी हाय," ठकुबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. वर पोचल्यावर गाडी सोडून अर्धा तास उतारानं चालायचं होतं. खाचरांत भात गुडघ्याएवढा होता. घराच्या भिंती खालून तांबड्या, वरून पांढऱ्या मातीनं सारवलेल्या होत्या. पावसात ओली होऊ नयेत म्हणून मक्याची कणसं पत्र्याखाली माळेसारखी टांगली होती.

अंगणात मनमाया उभी होती. ती आधीच बुटकी होती, आता आणखी लहान झाली होती. तिनं पुढं येऊन ठकुबाईचे दोन्ही हात धरले, आणि बराच वेळ धरून ठेवले.

"ठकू. म्हातारा झाला तू."

"झाला बाई झाला," ठकुबाई म्हणाली. "तू बी काय तरनी न्हाईस."

मग मनमाया भामाबाईकडं वळली. "दमला असंल. गरम पानी ठेवलाय. हातपाय धू," म्हणाली आणि आत गेली.

तिजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोटभर गोडधोड खायचं, कारण दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. मनमायेनं खीर केली होती, तांदळाच्या पिठाची कड्यासारखी गोल, तळलेली सेल केली होती. शेजारच्या दोन-तीन बायका आल्या. सगळ्या चुलीभोवती बसून जेवल्या. मनमाया ठकुबाईला आग्रह करत होती, भामाबाईलाही वाढत होती. वाढण्यात तिनं काही कमी केलं नाही. बोलत मात्र नव्हती. शेफाली दोघींच्या मध्ये बसली होती. ती सारखी भामाबाईकडं वळून म्हणायची, "आये, अजून घे. आये, हे खाऊन बघ." ती असं म्हणाली की मनमाया काहीतरी आणायला उठायची. तीन वेळा उठली. चौथ्या वेळी आणण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती उठली आणि दाराशी जाऊन पाऊस बघत राहिली.

ते भामाबाईनं पाहिलं. सकाळी शेफाली साडी नेसत होती तेव्हा ती तिला म्हणाली, "आजपास्नं मला मावशी म्हन."

"का? म्या कायम आयेच म्हनत हुते की."

"तवा लहान हुतीस. आता मावशी म्हन. म्हनते ना म्या."

शेफालीनं तिच्याकडं पाहिलं. मग "बरं" म्हणाली.

दिवसभर देवळाच्या आवारात बायकांची गर्दी होती. सगळीकडं लाल साड्या, हिरव्या काचमण्यांच्या माळा. एक गट गाणी म्हणायचा, बाकीच्या नाचायच्या. मनमाया आणि ठकुबाई, दोघीही विधवा, साध्या, लाल नसलेल्या लुगड्यांत पायऱ्यांवर बसून राहिल्या. भामाबाईला शेफालीनं आणि शेजारणींनी ओढून नेलं. त्यांचा नाच तिला जमेना, तेव्हा तिनं शेफालीचे हात धरून फुगडी घातली. शेफालीच्या पायांना ती आठवत होती. लोक थांबून बघायला लागले. दहा-बारा फेऱ्यांत भामाबाईला धाप लागली आणि ती पायरीवर येऊन बसली. मनमायेनं पदरानं तिला वारा घातला नाही, पण सरकून जागा दिली.

दुपार टळल्यावर सगळ्या घरी आल्या. मनमायेनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. कपड्यांच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एक घडीचा कागद. तो तिनं भामाबाईपुढं धरला नाही, शेफालीला दिला.

"वाच. मराठीत हाय."

"आमा, र्‍हाऊ दे ना. आज सन हाय."

"वाच."

शेफालीनं वाचलं. शाळा सोडल्याचा दाखला होता. मुलीचं नाव शेफाली. वडिलांचं नाव सावळाराम. आईचं नाव भामाबाई. तिथं ती थांबली.

मनमाया बोलायला लागली. सुरुवात मराठीत केली, मग हिंदी आली, मग नेपाळी. शेफाली मान खाली घालून सांगत राहिली. इथल्या शाळेत मनमायेनं हा कागद दिला तेव्हा मास्तर म्हणाले, ही मुलगी तुमची नाही. कचेरीत गेली, तिथला साहेबही तेच म्हणाला. कागदावर ही तुझी पोर नाही, हिंदुस्थानातनं कुणाची पोर पळवून आणलीस? असं चार लोकांसमोर विचारलं. नवरा मेलेला, सांगायला दुसरं कुणी नाही. दोन वर्षं पोरगी घरी बसली. मनमाया पोरीला बरोबर घेऊन कचेरीपर्यंत चालत जायची आणि परत यायची. शेवटी गावातल्या सात माणसांनी शपथेवर सह्या केल्या तेव्हा नाव लागलं. पुढं नागरिकत्वाच्या वेळी पुन्हा तेच सगळं.

"साहेबाला मी काय सांगू?" मनमाया म्हणाली. हे मराठीत होतं. "मी सांगितला, ती माझी मैत्रीन हाय. तो हसला."

भामाबाईनं हे पहिल्यांदाच ऐकलं. अठरा वर्षं तिनं त्या तीन दिवसांचाच विचार केला होता, ओट्यावर बसलेल्या मनमायेचा. दाखल्याची तिला आठवणसुद्धा नव्हती.

"तू माज्या ओट्यावर बसलीस तवा म्या खोटं बोलले," ती म्हणाली. "पोर वर ठकीकडं हुती. मला तुला द्यायची नव्हती."

"ते मला माहीत होता."

"म्हाईत हुतं?"

"पहिल्याच दिवशी. तुझा तोंड बघितला. म्हनून तर बसला."

भामाबाईनं दाखल्याकडं हात केला. "ह्यो मला दे. म्या जाळून टाकते."

"नाही," मनमाया म्हणाली. तिनं कागद शेफालीच्या हातातून घेतला, पहिल्या घड्यांवर घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "माझ्याकडं राहू दे."

पेटी पलंगाखाली गेली. कुणी रडलं नाही. ठकुबाईनं शेळीला पाला कुठला घालायचा ते विचारलं आणि मनमाया दाखवायला बाहेर गेली.

भामाबाई आणि ठकुबाई ऋषिपंचमीनंतर लगेच परत निघणार होत्या, म्हणजे गौरी उठायच्या आत गुंजवण्यात पोचल्या असत्या. पण चतुर्थीच्या पहाटे घाटात मोठी दरड आली. रस्ता पाच-सहा दिवस सुटणार नाही असं कळलं. भामाबाईनं घरी फोन लावला. स्वप्नाली म्हणाली, "इकडची काळजी करू नका. मुखवटे काढलेत. गणपती बसला." मागं झांजा ऐकू येत होत्या.

शेफालीची पतपेढी दरडीच्या अलीकडंच होती, ती नोकरीवर परत गेली. मग घरात तिघीच राहिल्या. आणि तिघींना नुसतं बसायची सवय नव्हती. घरामागच्या उतारावर मनमायेनं लावलेलं पीक बेणायला आलं होतं.

"कोदो," मनमाया म्हणाली.

ठकुबाईनं वाकून पान बोटात धरलं. "कोदो-बिदो काय न्हाई. ही नाचनी हाय."

"कोदो."

"अगं, माजा जलम गेला हिच्यात. नाचनी!"

मनमाया हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. तिघी एका ओळीत बसून गवत उपटायला लागल्या. सुरुवातीला मध्ये ठकुबाई होती. दुसऱ्या दिवशी ठकुबाईचे गुडघे दुखायला लागले आणि ती बांधावर जाऊन बसली. मग ओळीत दोघीच उरल्या.

ओळ संपत आली तेव्हा मनमायेनं विचारलं, "धरन भरला का?"

"भरलं. कवाच."

"कसा दिसतो?"

भामाबाई विचार करायला लागली. "चांगलं दिसतं. लांबपर्यंत पानी. पुन्यातली मान्सं फोटू काडाया येत्यात."

"तुझा माहेर?"

"खाली गेलं. उनाळ्यात पानी लई उतारलं की देवळाचा चौथरा दिसतो."

मनमाया उपटलेल्या गवताची माती झटकत राहिली. "मी दगड वाहिला त्याला."

"म्या बी वायला."

"तू रागावला नाही माझ्यावर? कधी?"

"तुज्यावर कशाला? मुकादमावर रागावले हुते. रोज बुडवायचा."

मनमाया पुन्हा हसली, पण थोडीच. पुढं सरकताना ती म्हणाली, "मी पोरगी दुसरीकडं ठेवला असता, तर मेला असता ती. तुझ्याकडं जगला. ते पन मला माहीत होता. म्हनून राग लई झाला. समजला?"

"समजलं," भामाबाई म्हणाली. खरं तर तिला ते पूर्ण समजायला आणखी वेळ लागला.

नाचणीचा तुकडा चार दिवसांत बेणून झाला. पाचव्या दिवशी त्यांनी शेजारणीच्या शेतात हात लावला. शेजारीण त्यांना मनमायेच्या बहिणी समजली आणि मनमायेनं ते दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी तिघी पत्र्याखाली बसून मका सोलायच्या. मनमाया सांगायची, नवऱ्याचे शेवटचे दिवस कसे गेले. ठकुबाई सांगायची, तिचा नवरा कसा गेला. भामाबाई ऐकायची. तिचा नवरा जिवंत होता, तिच्याकडं सांगण्यासारखं त्यातलं काही नव्हतं.

सहाव्या दिवशी रस्ता सुटला. शेफाली त्यांना पोचवायला आली. "मावशी, पुढच्या वर्षी दसऱ्याला या," ती म्हणाली. मनमाया रस्त्यापर्यंत चढून आली, अर्ध्या तासाचा चढ, पाठीला टोपली. टोपलीत दोघींसाठी मका आणि तूप होतं.

"तू कवा येशील आमच्याकडं?" भामाबाईनं विचारलं.

"बघतो," मनमाया म्हणाली.

"बगतो म्हंजी येनार न्हाईस."

"बघतो म्हंजे बघतो." तिनं भामाबाईच्या कपाळाला तांदळाचा टिळा लावला, मग ठकुबाईच्या. जीप सुरू झाली तेव्हा ती हात हलवत थांबली नाही, वळून उताराला लागली. तिची शेळी घरी एकटी होती.

गुंजवण्याला पोचल्या तेव्हा गौरी विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. घर स्वच्छ होतं, स्वप्नालीनं सगळं रीतीप्रमाणं केलं होतं. संध्याकाळी सावळारामानं विचारलं, "झाली का भेट?" भामाबाईनं त्याला दाखल्याचं सांगितलं, कचेरीतल्या साहेबाचं सांगितलं, ती दोन वर्षं सांगितली. तो ऐकत राहिला. त्या रात्री तो जेवला नाही. भामाबाईनंही त्याला जेव म्हणून म्हटलं नाही.

शेफालीचा फोन दर शनिवारी येऊ लागला. मनमाया कधी शेजारी असायची, कधी नसायची. असली तर "बरा आहे का?" असं लांबून विचारायची.

कार्तिक लागला, भात कापून झाला. एका दुपारी स्वप्नालीच्या फोनवर अनोळखी नंबर आला. ट्रेकवाले असतील म्हणून तिनं विचारलं, "किती माणसं?"

"भामा आहे?" पलीकडून बाईनं विचारलं.

भामाबाई खळ्यावर होती. स्वप्नाली फोन घेऊन पळत गेली. मनमायेनं स्वतःचा फोन घेतला होता, आकडे दाबायला शेजाऱ्याच्या सुनेनं शिकवलं होतं. ती कोदो कापत होती. ह्या वर्षी कणसं चांगली भरली होती, ते सांगायला तिनं फोन केला होता. भामाबाई खळ्यातच खाली बसली आणि म्हणाली, "नाचनी म्हन." मग पाऊस किती झाला, भात किती पोती आलं, ठकूचे गुडघे कसे आहेत, असं दोघी बोलत राहिल्या. पलीकडं शेळी ओरडत होती. खळ्यावरची माणसं चहाला थांबली होती, भामाबाईनं त्यांना हातानंच खुणावलं, तुम्ही घ्या.